वर्धा रोडवरचा गो-कार्टिंग ट्रॅक: वेग उत्तम, पिवळा झेंडा अपुरा

नागपूरबाहेर वर्धा रोडवर असलेल्या एका गो-कार्टिंग ट्रॅकविषयीचा हा अभिप्राय मुख्यतः तेथील सुरक्षाव्यवस्थेबद्दल आहे. कार्टची अवस्था आणि वळणांची आखणी दराच्या मानाने चांगलीच आहे. उन्हासाठी चेहऱ्याला बांधलेला स्कार्फ किंवा ओढणी फिरत्या अ‍ॅक्सलमध्ये अडकू नये म्हणून आधी काढून ठेवायला लावतात आणि मोकळे केस बांधल्याशिवाय कार्ट सोडत नाहीत, ही शिस्त कौतुकास्पद आहे.

झेंड्यांची माहिती देताना मात्र ‘सगळे फॉर्म्युला वनप्रमाणेच’ असे सांगितले जाते, ते बरोबर नाही. येथे पांढरा झेंडा शेवटच्या फेरीसाठी दाखवतात. ही नॅस्कार आणि इंडीकार या अमेरिकी शर्यतमालिकांची पद्धत झाली. फॉर्म्युला वनमध्ये तोच झेंडा पुढे संथ वाहन असल्याचा इशारा देतो. हौशी चालकांचे यात फारसे बिघडत नाही.

खरी उणीव पिवळ्या, म्हणजे पुढे धोका असल्याने वेग कमी करायला सांगणाऱ्या झेंड्याची आहे. आमच्या फेरीत एक कार्ट टायरच्या भिंतीवर आदळली, तेव्हा फक्त त्या वळणावर झेंडा हलवला गेला आणि मागच्या कार्ट पुरेशा मंदावण्यापूर्वीच कर्मचारी ट्रॅकवर धावला. वेग किती कमी करायचा हे चालकाच्या अंदाजावर सोडले की काय होऊ शकते, हे 2014 मध्ये जपानमधील सुझुका ट्रॅकवर फॉर्म्युला वनच्या शर्यतीत दिसले होते: ओल्या ट्रॅकवर दुहेरी पिवळे झेंडे हलत असतानाही चालक ज्यूल्स बियांची यांची गाडी घसरून, दुसरी गाडी उचलणाऱ्या ट्रॅक्टरवर आदळली आणि पुढच्या जुलैमध्ये त्यांचे निधन झाले. 2015 पासून फॉर्म्युला वनमध्ये आभासी सेफ्टी कार ही प्रत्यक्ष गाडी न आणता सर्वांना मंदावणारी व्यवस्था आली, जिच्यात प्रत्येक चालकाला ठरवून दिलेल्या वेळेपेक्षा जलद जाता येत नाही. फ्रान्समधील ल माँच्या 24 तासांच्या शर्यतीत ‘स्लो झोन’मध्ये, म्हणजे धोक्याच्या ठिकाणाभोवतीच्या पट्ट्यात, ताशी 80 किलोमीटरची मर्यादा असते. नॅस्कारमध्ये तर पिवळा झेंडा संपूर्ण ट्रॅकला लागू होतो आणि 2003 पासून तो लागताच गाड्यांचा क्रम आहे तसाच गोठवला जातो. त्याआधी चालक सुरुवात-समाप्तीच्या रेषेपर्यंत झुंजत येत, अपघातग्रस्त गाडी वाटेत असली तरीही.

या ट्रॅकला त्यासाठी नवा खर्चही करावा लागणार नाही, कारण दांडगाई करणाऱ्या चालकाची कार्ट रिमोटने मंद करण्याची सोय तेथे आहेच. पिवळा झेंडा निघताच तेच बटण सर्व कार्टसाठी दाबायचे, एवढेच. व्यवस्थापकांनी सूचना शांतपणे ऐकून घेतली, पण आश्वासन दिले नाही. तोपर्यंत लहान मुलांना मोठ्यांच्या फेरीत बसवू नये. मागितल्यास त्यांच्यासाठी वेगळी फेरी सोडतात.