ई-हक्क: वारस नोंद सोपी झाली, वाटप मात्र वेगळंच काम

वडिलांच्या पश्चात भावाबहिणींची नावं सातबाऱ्यावर चढवायला महाराष्ट्र शासनाची ई-हक्क सेवा खरंच कामाची आहे. अर्ज घरून भरता येतो. सोबत मृत्यूचा दाखला, 8अ (खात्याचा उतारा) आणि सगळ्या वारसांचा तपशील असलेलं स्वयंघोषणापत्र लागतं. हक्क मिळाल्यापासून 3 महिन्यांत कळवायचं असतं.

अडतं ते नावात. दाखल्यावर 'रामचंद्र' आणि उताऱ्यावर 'रामा' असेल तर अर्ज त्रुटीत जातो, म्हणून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच जोडा. लग्न झालेल्या बहिणीचं नाव गाळणं तर सरळ अन्याय आहे, शिवाय अर्जानंतर निघणाऱ्या नोटिशीच्या 15 दिवसांत तिने हरकत घेतली की फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, तक्रारी (वादग्रस्त) होतो. तिला स्वखुशीने हिस्सा सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्रच हवं. साध्या कागदावरच्या सहीला अर्थ नाही. नोटीस 'आपली चावडी' या ऑनलाइन सूचना फलकावर दिसते, ती जरूर वाचा.

मंडळ अधिकाऱ्याने फेरफार मंजूर केला की 15 रुपयांत डिजिटल सातबारा काढून प्रत्येक नाव तपासा. एवढं करूनही खातं सामाईकच राहतं. बांध घालून आपापला हिस्सा वेगळा करायचा तर सर्वांच्या संमतीने तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटपाचा अर्ज, मग पोटहिस्सा मोजणी (प्रत्येकाच्या हिश्शाची मोजणी).