फॉर्टीफाइव्ह नॉर्थचा डिलिंजर ५: बर्फातल्या ट्रेलसाठी स्टडवाला फॅट टायर घ्यावा का?

ट्विन सिटीजमधल्या (मिनेसोटातल्या मिनियापोलिस-सेंट पॉलच्या) आपल्या मंडळींपैकी बरेच जण हल्ली फॅट बाईक, म्हणजे खूप रुंद टायरची सायकल, घेतायत आणि घेतली की पहिला प्रश्न हाच, स्टडवाले, म्हणजे रबरात धातूचे छोटे खिळे बसवलेले, टायर लागतातच का, कारण एकेक टायर दोनशे डॉलरच्या वर जातो. मी फॉर्टीफाइव्ह नॉर्थ कंपनीचा असाच एक टायर, डिलिंजर ५, हिवाळाभर वापरतोय, मुख्यतः ईगनच्या लेबनन हिल्सला, जॉनी केक रिज रोडवरून आत शिरतो तो माउंटन बाईक ट्रेल. मला टायर प्रचंड आवडलाय, पण तो नेमका कशासाठी आहे ते आधी समजून घ्या.

भुसभुशीत बर्फात स्टडचा काही म्हणजे काही उपयोग नाही. तिथे तुम्हाला वर तोलून धरते ती टायरची रुंदी आणि कमी हवा. डिलिंजर ५ सव्वीस इंची चाकाला ४.६ इंच आणि साडेसत्तावीस इंची चाकाला ४.५ इंच रुंद येतो, म्हणजे तो भाग व्यवस्थित आहे, फक्त घ्यायच्या आधी फ्रेम आणि फोर्कमधे (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांमधे) एवढा टायर बसतो का ते बघा, जुन्या चार इंचवाल्या बऱ्याच फ्रेममधे बसत नाही. सह्याद्रीत पावसाळ्यात सायकल चालवलेल्यांना वाटतं की खोल नॉब (टायरवरचे रबराचे उंचवटे) असले की झालं, चिखलात ते खरंही आहे, पण इथे हवेच्या आकड्याने जेवढा फरक पडतो तेवढा नॉबने पडत नाही.

हवेबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण दुकानातून नवीन सायकल बाहेर पडते तेव्हा टायर बहुतेक वेळा दगडासारखे टणक असतात आणि माणूस त्याच हवेवर ट्रेलला जाऊन वैतागून परत येतो. ग्रूम केलेल्या, म्हणजे बर्फ दाबून सपाट केलेल्या, कडक ट्रेलवर सात-आठ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), नुकताच बर्फ पडला असेल तर चार-पाच, तुमच्या वजनाप्रमाणे थोडं वर-खाली. आता गंमत बघा, घरात २० डिग्रीला ६ पीएसआय भरलेत आणि बाहेर उणे १५ असेल तर टायर गार झाल्यावर आत साधारण साडेतीनच उरतात, म्हणजे जवळजवळ निम्मी हवा गेली आणि गळती कुठेच नाही. मोठ्या हवेच्या रोड टायरला असा फरक जाणवत नाही, फॅट टायरला लगेच जाणवतो. म्हणून ट्रेलवर पोचून, सायकल थोडा वेळ बाहेर ठेवून मगच हवा तपासायची, आणि कमी प्रेशरचा वेगळा डिजिटल गेज घ्यायचाच, साध्या पंपावरचा काटा दहाच्या खाली भरवशाचा नसतो.

मग स्टड कशाला? आईससाठी, म्हणजे पाणी गोठून झालेल्या कडक, काचेसारख्या थरासाठी. दिवसा वितळतं, रात्री गोठतं, आणि ओकच्या झाडांमधल्या वळणावर जिथे सगळे ब्रेक मारतात तिथे गुळगुळीत आईस तयार होतो. २०२३-२४ चा हिवाळा ट्विन सिटीजमधे नोंदींतला सगळ्यात उबदार होता, आणि अशा हिवाळ्यात बर्फ कमी आणि आईस जास्त असं होतं, त्यामुळे माझ्या मते आता स्टडची गरज पूर्वीपेक्षा वाढलीये. डिलिंजरमधे एका टायरला अडीचशेच्या आसपास स्टड आहेत, ॲल्युमिनियमचं बूड आणि वर कार्बाइडचं टोक, टोक मधे खोलगट असल्याने कडा आईसमधे रुततात. तिरक्या आईसवरून जाताना पुढचं चाक जागचं हलत नाही, त्याने जो जीवाला आराम मिळतो ना, तेवढ्यासाठी मी पैसे पुन्हा देईन. बजेट एकाच टायरचं असेल तर पुढे लावा, मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की आडवेच.

स्टडवाला कुठलाही फॅट टायर जड आणि डांबरावर आवाज करणारा असतो हे गृहीत धरा. टायर ट्यूबलेस लावा, वजन थोडं कमी होतं आणि कमी हवेत ट्यूब चिमटून पंक्चर व्हायची भीती जाते. ६० आणि १२० टीपीआय (इंचातले धागे) अशा दोन केसिंग, म्हणजे रबराखालचं कापड, येतात, परवडत असेल तर १२० घ्या, ती लवचिक असल्याने कमी हवेत ट्रेलला छान चिकटून चालते.

आणि एक कळकळीचं सांगणं, चांगला टायर आहे म्हणून कधीही ट्रेलवर घुसू नका. मागे एक इंचाहून खोल चर पडत असेल तर परत फिरा, वितळणीच्या दिवसात ट्रेल बंद असेल तर बंदच. मिनेसोटा ऑफ-रोड सायक्लिस्ट्सचे स्वयंसेवक बर्फ दाबून तो ट्रेल बनवतात, आपल्याकडून एक पैसा घेत नाहीत, आणि ओल्या बर्फात पडलेले चर रात्री गोठले की पुढच्या सगळ्यांची राइड खराब होते.

घेणार असाल तर ऑक्टोबरमधेच घ्या, म्हणजे बर्फ पडायच्या आधी डांबरी रस्त्यावर हवा जास्त ठेवून चाळीस-पन्नास किलोमीटर सावकाश चालवता येतील, जोराचा ब्रेक नाही, कचकन पॅडल नाही. तेवढ्यात स्टड रबरात पक्के बसतात, नाहीतर पहिल्याच दगडाळ चढावर एकेक निसटून पडायला लागतात.