पॉप-अप सायकल लेन आणि रुंद केलेले फुटपाथ (इंग्लंड): वापरून बघितल्यावरचा रिव्ह्यू

5 पैकी साडेतीन स्टार. दीड स्टार का कापला ते सविस्तर सांगते, कारण इथे नव्याने आलेली बरीच मराठी मंडळी ग्रुपवर विचारत असतात की अमुक एरियात सायकल चालवणं सेफ आहे का, मुलाला मागे बसवून नर्सरीत सोडता येईल का, आणि शोधत गेलं की उत्तर बऱ्याचदा 2020 साली घाईघाईत झालेल्या टेम्पररी कामांपाशीच येऊन थांबतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लॉकडाउन सैल व्हायला लागला तेव्हा बस आणि ट्रेनमध्ये अंतर ठेवून बसायचं म्हणजे नेहमीच्या मानाने मूठभर माणसंच मावत होती, आणि बाकी सगळे गाडी काढून निघाले तर रस्ते तुंबणार हे उघड होतं. म्हणून 9 मे 2020 ला तेव्हाचे ट्रान्सपोर्ट सेक्रेटरी ग्रँट शॅप्स यांनी सायकल आणि चालण्यासाठी 200 कोटी पौंडांचं पॅकेज जाहीर केलं, त्यातले 25 कोटी ताबडतोबीच्या कामांसाठी. स्कॉटलंडने तर एप्रिलच्या शेवटीच 1 कोटी पौंडांनी स्वतःची वेगळी स्कीम चालू केली होती आणि नंतर ती रक्कम बरीच वाढवली. इंग्लंडमधल्या कौन्सिलांना, म्हणजे स्थानिक पालिकांना, अट अशी होती की पैसे हातात आले की 4 आठवड्यांत काम सुरू आणि सुरू झाल्यापासून 8 आठवड्यांत पूर्ण. पहिला हप्ता साधारण 4.2 कोटींचा होता, दुसरा नोव्हेंबरमध्ये आला, 17.5 कोटींचा.

ही 4 आणि 8 आठवड्यांची अट लक्षात ठेवा, माझं सगळं म्हणणं तिथेच आहे.

आधी चांगलं सांगते. आमच्या हाय स्ट्रीटवर इंडियन ग्रोसरीची दुकानं ओळीने आहेत, समोरचा फुटपाथ इतका अरुंद की भाजीचे क्रेट बाहेर मांडले की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने खाली उतरायचं. तिथे कौन्सिलने पार्किंगची पट्टी काढून लाल-पांढरे प्लास्टिकचे बॅरियर लावले, आत पाणी भरून जड केलेले, आणि तेवढी जागा चालायला मोकळी झाली. त्या वर्षी आई विमानं बंद झाल्यामुळे इथेच अडकली होती, गुडघ्याचं दुखणं, वर कोविडची भीती, तिला घराबाहेर काढणं म्हणजे रोजचा वाद. ती जागा झाल्यावर ती स्वतःहून कोथिंबीर आणायला जायला लागली. सासू-सासरे किंवा आई-वडील सहा महिने येऊन राहतात त्या प्रत्येक घराला कळेल मी काय म्हणतेय ते, त्यांना इथे गाडी चालवता येत नाही, बसचं लवकर उमगत नाही, पायी जाता येईल तेवढंच त्यांचं जग. रुंद फुटपाथला माझ्याकडून 5 पैकी 5.

सायकल लेनही मधल्या भागात छानच होती. जमिनीत बोल्ट मारून बसवलेले लवचिक खांब, इथे त्यांना वाँड म्हणतात, ते असले की गाड्या आपोआप लांबून जातात, मागे लेकरू असताना तो फरक पाठीला जाणवतो. नुसत्या पांढऱ्या पट्ट्याने हे होत नाही, त्या पट्ट्यावर डिलिव्हरी व्हॅन बिनधास्त उभी राहते. सरकारचं नवीन डिझाइन गाइडन्स जुलै 2020 मध्ये आलं, त्यातही सायकली वर्दळीच्या रस्त्यावर गाड्यांपासून खरोखरीच्या अडथळ्याने वेगळ्या ठेवा असंच आहे, पण तोपर्यंत पहिल्या हप्त्याची पुष्कळ कामं आखून झालेली होती.

आता दीड स्टार. आमच्याकडचे खांब सिग्नलच्या अलीकडे संपतात. जिथे रस्ता सरळ आणि रुंद, जिथे तसाही फारसा धोका नव्हता, तिथे खांब आहेत, आणि जिथे लॉरी डावीकडे वळताना सायकलवाल्याला आत दाबते, नेमकं तिथे काहीच नाही, एक सायकलचं चित्र रंगवलंय आणि पुढचं तुमचं तुम्ही बघा. मी हे एका इंजिनिअर मैत्रिणीला दाखवलं तर ती म्हणाली, अगं सिग्नलचं टायमिंग बदलायचं, सायकलींसाठी वेगळा हिरवा फेज घालायचा तर मॉडेलिंग, केबल, मंजुऱ्या, 8 आठवड्यांत कोण करून देणार? मला ते पटलं. म्हणजे पैशाला लावलेल्या मुदतीनेच ठरवलं की सोपं काम होणार आणि अवघड काम राहणार. पण सायकलवरच्या माणसासाठी पूर्ण रस्ता त्याच्या सगळ्यात वाईट चौकाइतकाच सेफ असतो, बाकी दोन मैल कितीही सुंदर असोत, माझ्या ओळखीच्या कितीतरी बायका त्या एका चौकामुळे सायकल काढत नाहीत.

दुसरं म्हणजे देखभाल. खांब गाड्यांच्या धक्क्याने मोडतात, मोडला की खालचा रबराचा बेस आणि बोल्ट तसाच रस्त्यात, संध्याकाळी अंधारात तो दिसत नाही. ऑक्टोबरमध्ये पानं साचून लेनचा चिखल होतो कारण झाडणारी मोठी गाडी खांबांच्या आत शिरत नाही. बसवायचे पैसे आले तेव्हा झाडायचं कोण हे विचारायला नको का? पन्नास पौंडांची सायकल दुरुस्तीची व्हाउचरंही याच पॅकेजमधली, जुलैच्या शेवटी निघाली, पहिली 50,000 हां हां म्हणता संपली. म्हणजे लोकांना सायकल चालवायची होती हो, जुन्या सायकली शेडमधून काढायची तयारी होती.

सगळीकडे सारखं झालं नाही हेही सांगायला हवं. लेस्टरने फंड यायच्या आधीच मे महिन्यात रॉयल इन्फर्मरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांसाठी लेन टाकली आणि मग आठवड्याला साधारण एक मैल या वेगाने पुढे वाढवत नेली. नर्सची ड्यूटी सकाळी सातला, तिला कुठून कुठे जायचंय हे आधी बघितलं, तिथे लेन टाकली. याउलट लंडनच्या केन्सिंग्टन हाय स्ट्रीटची लेन त्याच वर्षी शरदात झाली आणि दोन महिनेही व्हायच्या आत, डिसेंबरमध्ये उखडली. इतक्या कमी वेळात कुणाची सवय बदलते? मला याचं फार वाईट वाटलं, कारण त्यानंतर आमच्याकडे प्रत्येक मीटिंगमध्ये कुणीतरी केन्सिंग्टनचं उदाहरण द्यायचंच. आणि लंडनमधल्याच चिझिक हाय रोडवरची प्लास्टिकच्या खांबांची सायकल लेन, सायकलवे 9, तिलाही कडाडून विरोध झाला, पण ती राहिली.

विरोध करणारे सगळे गाडीवेडे असतात असंही मी म्हणणार नाही. यातली बरीच कामं एक्सपेरिमेंटल ऑर्डरखाली झाली, म्हणजे आधी करायचं, लोकांचं म्हणणं नंतर ऐकायचं, जास्तीत जास्त 18 महिने, मग कायम करा नाहीतर काढा. पद्धत म्हणून मला ही आवडते, कारण कागदावरच्या नकाशापेक्षा प्रत्यक्ष रस्ता बघून बोलता येतं. पण ज्याच्या दारातली व्हीलचेअर उतरवायची जागा एका रात्रीत गेली त्याला हे आधी कुणीतरी येऊन सांगायला हवं होतं. दुसऱ्या हप्त्याच्या वेळी सरकारने आधी लोकांशी बोला म्हणून बजावलं, ते पहिल्यापासून असतं तर निम्मा राग निघालाच नसता.

तुमच्याकडे असं काही नवीन लागलं असेल तर कन्सल्टेशन बंद व्हायच्या आत लिहा, आणि "छान आहे" किंवा "बेकार आहे" एवढं लिहून सोडू नका. रस्त्याचं नाव, कुठल्या दिशेने जाताना, कुठल्या दुकानासमोर, किती वाजता, फोटो, असं लिहा. आमच्या शेजारच्या गुजराती मासींनी मुलाकडून एवढंच लिहून घेतलं की फार्मसीसमोर फुटपाथच्या उतरत्या कडेपुढे खांब आलाय, वॉकर फिरत नाही. महिन्याभरात दोन माणसं स्पॅनर घेऊन आली, खांब काढला आणि थोडा पलीकडे बसवून गेली. काँक्रीटचं काम असतं तर ही तक्रार वर्षभर फायलीत राहिली असती. सिग्नलबद्दल मी स्वतः तीनही बाजूंचे फोटो जोडून लिहिलंय, उत्तर आलं की इथेच अपडेट टाकते.