रोबोची लिफ्ट: स्क्रू, आर्म की दोरी?

स्पर्धेचं रूलबुक हातात पडलं की ज्युनियर मुलांचा पहिला फोन याचसाठी येतो: "दादा, लिफ्ट कशाची करू?" जळगावला कॉलेजच्या रोबोटिक्स टीममध्ये असताना दोन वर्षं लिफ्ट, म्हणजे रोबोचा ओझं उचलणारा भाग, माझ्याकडे होती. पास झालो तरी सुट्टीच्या दिवशी मुलांच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसतो. रोबोकॉन या रोबोंच्या स्पर्धेचा खेळ दरवर्षी नवा असतो, पण काहीतरी उचलून उंचावर नेणं त्यात फिरून फिरून येतंच. २००८ साली पुण्यात झालेल्या एबीयू (आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन) रोबोकॉनचा विषय तर गोविंदा होता, चक्क दहीहंडीवर बेतलेला.

तुलना करायची तर सगळ्यांना एकच काम देऊ: ३ किलोचं ओझं, ९० सेंटिमीटर उंची, सामना तीन मिनिटांचा.

स्क्रू आधी घेतो, त्याचा निकाल लवकर लागतो. थ्रीडी प्रिंटरमध्ये असतो तो ८ मिलिमीटर जाडीचा टी-८ लीड स्क्रू, म्हणजे आट्यांचा लांब दांडा, सहज मिळतो; तो फिरला की त्यावरचा नट सरकतो. त्याच्या नेहमीच्या प्रकारात एका फेऱ्याला नट ८ मिलिमीटर सरकतो. म्हणजे ९० सेंटिमीटरला ११२ फेरे, आणि ३०० आरपीएमच्या मोटरला साडेबावीस सेकंद. चार वेळा वर-खाली केलं की तीन मिनिटं संपली! मोटर आणखी पळवली तर मीटरभर लांबीचा तो बारीक स्क्रू मधोमध झुलायला लागतो. मात्र २ मिलिमीटर लीडच्या, म्हणजे फेऱ्याला २ मिलिमीटरच सरकणाऱ्या, स्क्रूचा एक गुण दुसऱ्या कुणात नाही. करंट बंद केला तरी ओझं जागच्या जागी राहतं, गाडीच्या स्क्रू जॅकसारखं. वीतभर उचलून पूर्ण सामनाभर धरून ठेवायचं असेल तर डोळे मिटून स्क्रू घ्या.

कात्री लिफ्ट, म्हणजे कात्रीसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या दांड्यांची, दिसायला देखणी असते आणि नव्या मुलांचा जीव तिच्यावरच जडतो. मी ती कुणालाही सुचवत नाही. तीन मजली कात्री १० अंशांवर दुमडलेली असताना ३ किलो हलवायला आडवा जोर लागतो सुमारे ५१ किलोचा, सतरापट! जिथून उठायचं तिथेच मोटर दम सोडते. वर पोचलीच तर प्रत्येक पिनेतला ढिलेपणा एकात एक मिसळून माथा डुलत राहतो.

खरी निवड फोर-बार आर्म आणि दोरीची स्लाइड या दोघांतच करायची आहे.

फोर-बारमध्ये दोन समांतर दांड्या असतात, त्यामुळे आर्म वर जाताना ग्रिपर, म्हणजे ओझं पकडणारा पंजा, आडवाच राहतो, ओझं कलंडत नाही. चार बोल्ट, चार बेअरिंग, झालं. बिघडला तर पान्याने दहा मिनिटांत दुरुस्त होतो, आणि बाहेरगावच्या मैदानावर हा गुण फार मोठा वाटतो. पण गणित करून बघा. उणे ४५ ते अधिक ४५ अंश फिरवून ९० सेंटिमीटर चढायचं तर दांडी ६४ सेंटिमीटरची हवी. ती आडवी होते तेव्हा ३ किलोला १९२ किलो-सेंटिमीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) लागतो, दांडीचं वजन वेगळंच. म्हणजे गिअर लावून वेग कमी करणं आलं. शिवाय मधल्या टप्प्यात ओझं जवळपास १९ सेंटिमीटर पुढे झेपावतं. तेव्हा रोबो पुढे झुकतो आणि साइजच्या नियमातही अडकू शकतो. सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे कापून आर्मला मागून ताण दिला की मोटरवरचा निम्मा भार हलका होऊ शकतो. हे आम्ही केलं होतं आणि छान चाललं होतं. पट्टे मात्र दर काही दिवसांनी बदला, रबर ढिलं पडतं.

आता स्लाइड. फर्निचरच्या हार्डवेअर दुकानात ड्रॉवरचे टेलिस्कोपिक चॅनल मिळतात. १८ इंची चॅनल पूर्ण उघडला की साधारण ४५ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे दोन टप्प्यांत ९० झाले. दोरी ओवायच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत एकच दोरी सगळ्या पुलींवरून नागमोडी जाते. ओढ कमी लागते, ४-५ किलो, पण ९० सेंटिमीटर दोरी गुंडाळावी लागते, आणि आधी कुठला टप्पा उठेल हे तुमच्या हातात नसतं. ज्याचं घर्षण कमी, तो आधी. दुसरी कॅस्केड. मोटर फक्त पहिला टप्पा ओढते आणि तो वर जाता जाता आपल्या दोरीने दुसऱ्याला वर काढतो. दोन्ही टप्पे एकदम उठतात. प्रत्येक टप्प्याचं वजन १ किलो धरलं तर ओढ ९ किलोची पडते, पण दोरी ४५ सेंटिमीटरच गुंडाळायची. दोरी गुंडाळणाऱ्या ४ सेंटिमीटर व्यासाच्या ड्रमवर हा १८ किलो-सेंटिमीटर टॉर्क झाला, आणि १०० आरपीएमला जेमतेम सव्वादोन सेकंद. स्क्रूचे साडेबावीस आठवा! माझं मत कॅस्केडकडे आहे, कारण एक दोरी तुटली तर तेवढीच बांधायची, सगळं उसवावं लागत नाही. मोटर घेताना तिचा स्टॉल टॉर्क, म्हणजे ती अडून थांबते तेव्हाचा जोर, हिशेबाच्या तिप्पट तरी बघा. अगदी स्टॉलजवळ चालवली की ती तापते आणि तिला करंट देणारं ड्रायव्हर सर्किटही जातं.

दोरी कोणती? आम्ही आधी सायकलची ब्रेक वायर लावली. स्वस्त, दणकट, कोपऱ्यावर मिळणारी. लेथवाल्या काकांनी आमची दीड सेंटिमीटरची पुली हातात घेतली, वायर तिच्यावरून दोनदा फिरवली आणि म्हणाले, "भो, एवढ्याशा पुलीवर वायर वाकवली का ती तुटलीच समजा." तसंच झालं. चौथ्या दिवशी पुलीच्या वळणावर बारीक तारा काट्यांसारख्या उभ्या राहिल्या होत्या. नंतर विणलेली, डायनीमासारख्या मजबूत पॉलिएथिलीनची दोरी घेतली. ती ताणत नाही, लहान पुलीवर मुकाट्याने वळते. ती गुळगुळीत असल्यामुळे साधी गाठ सरकते, तेव्हा दोन-तीन जास्तीचे वेढे देऊन गाठ मारा. नायलॉन नको, तो ताणतो.

स्लाइडचा खरा दगा मात्र खाली येताना होतो. ड्रम सोडला आणि चॅनल क्षणभर अडकला की दोरी सैल पडते, पुलीवरून उडते आणि आसाभोवती गुंडाळली जाते. स्पर्धेच्या आदल्या रात्री आमची अशीच अडकली. टॉर्चच्या उजेडात दोन तास ती चिमट्याने सोडवत बसलो होतो. त्यानंतर दोन गोष्टी कायमच्या केल्या: प्रत्येक पुलीला दोरी सटकणार नाही असा आडोसा, आणि खाली ओढणारी दुसरी दोरी, त्याच ड्रमवर उलट्या दिशेने. चॅनल आडवा वापरण्यासाठी बनलेला असतो. उभा लावला की आतली बेअरिंगच्या गोळ्यांची पट्टी हळूहळू खाली सरकत जाते. म्हणून सरावानंतर तो एकदा टोकापासून टोकापर्यंत हाताने पूर्ण फिरवा.

आणि आपल्याकडचं ऊन विसरू नका. पीएलए या थ्रीडी प्रिंटरच्या प्लास्टिकची पुली ६० अंशांच्या आसपास मऊ पडते. मे महिन्यात भुसावळला बंद गाडीत काचेजवळ ठेवलेल्या पुलीला हे तापमान गाठायला दुपार पुरते. पेटजी हे दुसरं प्लास्टिक ८० अंशांपर्यंत टिकतं, तेच वापरा. काळ्या मातीच्या धुळीत चॅनलला ग्रीसही जाड लावू नका. ते धूळ धरून बसतं आणि गोळ्या करकरायला लागतात.

मग काय घ्यायचं? उंची ६० सेंटिमीटरच्या आत असेल, टीम नवी असेल आणि लेथ हाताशी नसेल, तर फोर-बार. त्याहून उंच असेल, किंवा पुढे झेपावायला जागा नसेल, तर कॅस्केड, मात्र स्पर्धेला निदान दोन महिने बाकी असले पाहिजेत. काहीही निवडा, आधी ते लाकडी फळीवर बसवा आणि मोटर न लावता हाताने ओढून बघा. एक-एक लिटरच्या तीन भरलेल्या बाटल्या ग्रिपरच्या जागी बांधा आणि शंभर वेळा वर-खाली करा. कितव्या वेळी काय ढिलं झालं ते वहीत लिहा. तीच वही घेऊन लेथवाल्याकडे जा, आणि पुढचं ड्रॉइंग त्याच्या समोर बसून काढा.