टिळकवाडीतला प्रसूतिपूर्व वर्ग : पडद्यावरचे बाळंतपण आणि आपले

सातवा महिना लागल्यावर मी बेळगावात टिळकवाडीतल्या एका प्रसूतिपूर्व वर्गात नाव घातले, तेव्हा माझ्या डोक्यातले बाळंतपण मालिकांनीच रचलेले होते : भर कार्यक्रमात पाणमोट फुटते, गाडी सुसाट सुटते, ‘आई किंवा बाळ, दोघांपैकी एकच’ असे डॉक्टर बाहेर येऊन सांगतात आणि पुढच्याच दृश्यात तीन महिन्यांचे वाटावे असे गुटगुटीत बाळ दुपट्यात हसत असते.

चार रविवारांच्या या वर्गाने ते चित्र बऱ्यापैकी पुसले. दुसऱ्या रविवारी परिचारिकाबाईंनी फुग्यात टेबल टेनिसचा चेंडू घालून तो फुगवला आणि तोंड न बांधता वरून हलके हलके दाबत राहिल्या. फुग्याची मान आधी आखडत, पातळ होत गेली आणि बऱ्याच वेळाने चेंडू बाहेर आला. गर्भाशयाचे तोंड असेच उघडते, हे मला तेव्हा कळले. दिवस भरलेल्या दहा बायकांत साधारण एकीचीच पाणमोट कळांआधी फुटते, दोन कळांच्या मध्ये चक्क विश्रांती मिळते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या सूचनांनुसार तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यावरही पहिलटकरणीला १२ तासांपर्यंत लागू शकतात, हेही तिथेच समजले. ‘थ्री इडियट्स’मधल्या व्हॅक्यूम क्लीनरचा विषय कुणीतरी काढलाच; तेव्हा बाळाच्या डोक्याला लावायची खरी वाटी बाईंनी आमच्या हातात दिली आणि तिचा दाब मोजून ठेवतात, हे समजावले.

खानापूरहून आलेल्या दोघींच्या तायी कार्डावरचा (कर्नाटकात गरोदर बाईच्या तपासण्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्डावरचा) कन्नड मजकूर बाईंनी मराठीत वाचून दाखवला, याचे मला विशेष कौतुक वाटले.

तक्रार शेवटच्या रविवारची आहे. मंद दिवे, बासरी, डोळे मिटून स्मित करणारी बाई अशी एक चित्रफीत दाखवून ‘मनाची तयारी असली की असेच होते’ असे सांगण्यात आले. मालिकेतली किंकाळी खोटी, तशी ही बासरीही खोटीच. शिवाय मालिकेत निदान बाईला दोष तरी देत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत कर्नाटकातली ३१.५ टक्के बाळंतपणे शस्त्रक्रियेने झाल्याची नोंद असताना सिझेरियनला जेमतेम १० मिनिटे मिळाली. माझे सिझेरियनच झाले. टाके ओले असताना कुशीवर कसे वळावे, बाळाला अंगावर घेताना उशी कुठे ठेवावी, हे मला वॉर्डातल्या शेजारच्या बाईने शिकवले.

शुल्क १,२०० रुपये असून पहिल्या तीन रविवारांसाठी ते मला रास्त वाटते. सोबत एकाला फुकट बसू देतात. मी सासूबाईंना नेले होते. वार (पोटात बाळाला नाळेतून पोसणारा भाग) बाळानंतर पडते हे ठाऊक असलेल्या आमच्यात त्या एकट्याच होत्या, आणि फुग्याचा प्रयोग त्यांनी घरी येऊन माझ्या नवऱ्यालाही करून दाखवला.