पीएची नोकरी: टेक्सास, कॅलिफोर्निया की युटा?

अमेरिकेत फिजिशियन असिस्टंटची, म्हणजे डॉक्टरसोबत काम करत रुग्ण तपासणाऱ्या आणि औषधं लिहून देणाऱ्या पीएची, नोकरी शोधताना बहुतेकजण आधी पगार बघतात आणि मग एका डॉक्टरच्या देखरेखीखाली किती पीए चालतात तो आकडा. फ्लोरिडात २०२१ पासून दहा चालतात. पण ती डोकेदुखी डॉक्टरची. तुम्ही वेगळंच विचारायला हवं: ज्याच्याशी करार करून तुम्ही काम करता तो डॉक्टर उद्या नोकरी सोडून गेला, तर परवा तुमचं काम चालू राहील का?

टेक्सासमध्ये ही धास्ती खरी आहे. औषधं लिहून देण्याचा अधिकार तिथे डॉक्टरशी केलेल्या लेखी करारातून येतो आणि दर महिन्याला बैठकही घ्यावी लागते. शेड्यूल २ मधली, म्हणजे व्यसनाचा धोका असल्याने कडक नियंत्रणाखाली असलेली औषधं तर रुग्णालय किंवा हॉस्पिसपुरतीच (हॉस्पिस म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची देखभाल). हे किरकोळ वाटेल, पण एडीएचडीवरचं, म्हणजे मुलांमधल्या अतिचंचलतेवरचं, मेथिलफेनिडेट याच यादीत आहे. बालरोग क्लिनिकमध्ये काम करायचं असेल तर त्या प्रत्येक प्रिस्क्रिप्शनसाठी डॉक्टरकडे जावं लागणार.

कॅलिफोर्नियात देखरेख आहेच, फक्त २०२० पासून ती सैलावली. डॉक्टर फोनवर मिळाला तरी पुरे, आणि मोठ्या आरोग्यसंस्थेत सगळ्या डॉक्टरांच्या वतीने एकजण करारावर सही करू शकतो. एखादा डॉक्टर गेल्याने तुमचं काम अडत नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

युटाने २०२१ मध्ये तासांचा हिशेब आणला. पहिले ४,००० तास डॉक्टरबरोबर, पुढे १०,००० पर्यंत डॉक्टर किंवा अनुभवी पीएबरोबर, त्यानंतर मोकळे. पूर्णवेळ नोकरीत साधारण पाच वर्षं. मात्र हाडांच्या विभागातून त्वचारोगाकडे वळलात, तर नव्या शाखेत पुन्हा ४,००० तास.

पैशाचं गणित मात्र राज्य बदलल्याने बदलत नाही. मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, पीएच्या कामाला डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्केच देतो. पूर्ण दर हवा तर बिल डॉक्टरच्या नावाने जातं आणि त्यासाठी त्याची थेट देखरेख लागते. त्यामुळे युटातलं क्लिनिकही तुम्हाला डॉक्टरच्या आसपासच ठेवू पाहील.

नुकतेच पास झाला असाल तर युटाची मोकळीक तशीही लांब आहे. शिकवणारा डॉक्टर जिथे भेटेल तिथे जा. दहा वर्षं एकाच शाखेत काढली असतील, तर मी युटाच निवडेन. टेक्सासला जायचंच असेल, तर मुलाखतीत एवढं विचारा: करारावर पर्यायी डॉक्टरचं नाव आहे का?