माणग्याची सायकल : दहा महिने आणि ३,१४० किलोमीटर

सिग्नलला थांबलो की शेजारचा स्कूटरवाला हमखास विचारतो, "बांबूची आहे का ओ? पावसात टिकते का?" सिग्नल सुटायच्या आत पूर्ण उत्तर कधीच देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

टिकते. गेल्या जूनपासून आठवड्यातले तीन दिवस धायरी ते शिवाजीनगर जाऊन-येऊन आणि बहुतेक रविवारी खडकवासला किंवा पानशेत रस्ता, असं चालवतोय. पुण्याचा अख्खा पावसाळा तिने पाहिला. पावसाने जे केलं ते वरवरचं होतं. खरा दणका मार्चच्या कोरड्या हवेने दिला, आणि त्यात चूक माझ्या हातची होती. कोणी घरी अशी फ्रेम बांधायचा विचार करत असेल तर बाकी काही नाही वाचलं तरी चालेल, पण तेवढा भाग जरूर वाचा.

बांबू कुडाळजवळच्या मामाच्या बांधावरचा. माणगा. या जातीला काटे नसतात, भिंत जाड आणि आतलं भोक बारीक. बुडाकडे तर जवळजवळ भरीवच. वाढतो सरळ, त्यामुळे सायकलच्या फ्रेमला हवी तशी लांब कांडी मिळतात. मामाने डिसेंबरात, अमावास्येच्या आधीच्या पंधरवड्यात काठ्या तोडल्या. पावसाळ्यानंतर बांबूतला पिष्टाचा अंश कमी झालेला असतो, म्हणून कीडही कमी लागते. कोयत्याच्या पाठीने प्रत्येक काठीवर टकटक करून "ही नको, कवळी हा" असं म्हणत त्याने बेटातल्या निम्म्या काठ्या बाद केल्या. तीन वर्षांपेक्षा कमी वयाची एकही घेतली नाही. २०१७ साली भारतीय वन कायद्यात बदल होऊन जंगलाबाहेरचा बांबू 'वृक्षा'च्या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे घरच्या काठ्या पुण्याला आणताना परवान्याचा प्रश्न नव्हता.

भुंग्यापासून बचाव म्हणून सगळ्या गाठी आतून सळईने फोडल्या आणि काठ्या बोरिक ॲसिड-बोरॅक्सच्या पाण्यात दहा दिवस बुडवून ठेवल्या. प्रमाण एकास दीड. मग मामाच्या माळ्यावर एप्रिलपर्यंत सावलीत वाळवल्या. दहा महिन्यांत फ्रेममधून पिठासारखा भुगा एकदाही पडलेला नाही.

बांधणीबद्दल थोडक्यात. जुन्या बाजारातून भंगारातली एक स्टीलची फ्रेम घेतली आणि तिचं हेडट्यूब (हँडल बसतं ती पुढची नळी), बीबी शेल (पेडलचा आस बसतो ती खालची नळी), सीटपोस्टची म्हणजे सीटच्या दांड्याची नळी, मागच्या ब्रेकचा पूल (ब्रेक बसतो ती आडवी पट्टी) आणि चाक बसायचे मागचे खाचे कापून काढले. जिथे बेअरिंग बसतं, आटे असतात किंवा काही आवळायचं असतं तिथे धातूच हवा, बांबूवर ते काम सोडू नये. १८ मिलिमीटर प्लायवर खऱ्या मापाचं चित्र काढून त्यावरच साचा केला. सांधे आधी थेंबभर इपॉक्सीने (हार्डनर मिसळल्यावर कडक होणारा डिंक) जागच्या जागी धरले, मग दोऱ्याने सरळपणा तपासला. मागच्या एका खाच्यापासून हेडट्यूबला वळसा घालून दुसऱ्या खाच्यापर्यंत दोरा ताणायचा आणि सीटट्यूबपासून, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीपासून, दोन्ही बाजूंचं अंतर मोजायचं. माझ्याकडे दीड मिलिमीटरचा फरक आला, तेवढ्यावर मी थांबलो. हात सोडून चालवताना ती कुठल्याच बाजूला ओढत नाही.

सांध्यांना ताग वापरला. न पिळलेले लांब धागे, उन्हात कडकडीत वाळवून. तागात दमटपणा राहिला तर इपॉक्सी नीट धरत नाही. बांबूची वरची गुळगुळीत साल सांध्याच्या जागी ब्लेडने खरवडावीच लागते, कारण त्या चिकण्या सालीवर काहीच चिकटत नाही. माझं इपॉक्सी १०० ग्रॅमला १० ग्रॅम हार्डनर असं होतं. मे महिन्यात एकदा १५० ग्रॅम एकाच कपात कालवलं. तीन-चार मिनिटांत कप हाताला गरम लागू लागला, रंग पिवळा पडला आणि धूर यायला लागला. तो तसाच पत्र्याच्या डब्यात ठेवून गच्चीत नेला. त्यानंतर पसरट ताटलीत एका वेळी ४० ग्रॅमच्या वर कधी कालवलं नाही. धागे गुंडाळून झाले की वरून इलेक्ट्रिकल टेप उलटी, चिकट बाजू बाहेर ठेवून घट्ट ओढायची आणि टाचणीने भोकं पाडायची. जास्तीचं इपॉक्सी मधासारखं थेंबाथेंबाने बाहेर येतं. ते येताना बघत बसणं हा या सगळ्या कामातला माझा सगळ्यात आवडता भाग आहे.

आता फिनिशिंग. सगळ्यात जास्त वेळ यात गेला. सांधे घासायलाच चार रविवार लागले. ८० नंबरच्या कागदाने आकार, मग १२०, २२०, ४००. मास्क आणि पूर्ण बाहीचा शर्ट हवाच, इपॉक्सीची धूळ फार वाईट. त्यावर मी हौसेने जवसाचं तेल लावलं. नैसर्गिक बांबूला नैसर्गिक तेल, असं मनात बसलं होतं. दिसायला अप्रतिम झालं, मधाळ, उबदार. जुलैच्या मध्यावर मागच्या दोन बारीक काठ्यांवर राखाडी ठिपके दिसले. बुरशी. पुसली की चार दिवसांनी परत. कोरड्या प्रदेशात चालत असेल, आपल्या जुलै-ऑगस्टमध्ये कच्चं जवसाचं तेल म्हणजे बुरशीला जेवण. (तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.)

ऑक्टोबरात सगळं उतरवलं. थिनरने पुसून, २२० च्या कागदाने सालीची चमक फक्त मारली, साल काढली नाही. सालच बांबूची खरी छत्री आहे. मग उन्हाला टिकणाऱ्या पीयू (पॉलियुरेथेन) व्हार्निशचे पाच हात, पहिला निम्मा पातळ करून. नुसतं इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं, म्हणून सांध्यांवरही हेच. हा थर आजपर्यंत कुठे सोललेला नाही.

चालवायला कशी आहे? खडबडीत रस्त्यावर तिचा खरा गुण कळतो. काँक्रीटच्या सांध्यांवरून जाताना माझ्या आधीच्या ॲल्युमिनियमच्या सायकलवर मनगटं भरून यायची. इथे खड्डा कळतो, पण ती बारीक थरथर हातापर्यंत पोहोचतच नाही. सिंहगडाचा चढ दोनदा केला. उभं राहून जोर लावला की बीबीपाशी किंचित लवचिकपणा जाणवतो, बसून चढलं तर नाही. वजन फ्रेमचं २.६ किलो, पूर्ण सायकल १२.४. मागच्या ब्रेकचा पूल मी आठ मिलिमीटर वर बांधला होता, पॅड रिमपर्यंत पोहोचेनात. लांब हाताचा ब्रेक आणून ते निभावलं. चाकांचा आऊट, म्हणजे फिरताना येणारा वाकडेपणा, एकदाच काढून घ्यावा लागला. एकूण खर्च २१ हजारांच्या आसपास, त्यातले दोन तृतीयांश चाकं, गियर आणि ब्रेकचे.

आणि मार्च. एका रात्री साडेअकराला हॉलमधून "टक्" असा स्वच्छ आवाज आला. दिवा लावून बघितलं तर खालच्या तिरक्या नळीला बाटलीच्या स्टँडच्या भोकापासून निघालेली केसासारखी रेघ, ११ सेंटीमीटर लांब. खरं सांगतो, त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी मामाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "पावसान बांबू फुटणा नाय रे, फुटता तो सुकताना. खय उघडो ऱ्हवलो तां बघ."

उघडा राहिला होता. स्टँडचे स्क्रू बसवायला मी सालीतून आरपार भोकं पाडली आणि त्यांच्या कडा बंदच केल्या नव्हत्या. पावसाळाभर तिथून ओल आत जात राहिली, ऑक्टोबरात मी बाहेरून पाच थरांचं व्हार्निश चढवलं, आणि पुण्याची हवा कोरडी पडल्यावर सगळी ओल त्या दोन भोकांतूनच बाहेर पडू लागली. तिथला बांबू आधी आकसला, बाकीचा नाही. म्हणून चीर नेमकी तिथूनच सुटली.

दुरुस्ती अवघड नव्हती. हेअर ड्रायरने चीर कोमट करून पातळ इपॉक्सी आत मुरू दिलं, मग बॅटच्या दांड्याला दोरा गुंडाळतात तशी तागाच्या दोऱ्याची पट्टी दोन्ही टोकांच्या पुढे तीन-तीन सेंटीमीटर नेली आणि ती इपॉक्सीने भिजवून पक्की केली. सगळी भोकं, केबल आत शिरते त्या जागा आणि सीटपोस्टचं वरचं तोंडही आतून इपॉक्सी फिरवून बंद केलं. त्यानंतर ४०० किलोमीटर झाले. रोज निघताना अंगठ्याचं नख त्या पट्टीच्या कडेवरून फिरवून बघतो, रेघ पुढे गेलेली नाही. तरी या नळीवर बाटली लावणं मी बंद केलंय.

दुसरी फ्रेम मुलीसाठी करायची आहे. त्यासाठीच्या सहा काठ्या यंदा डिसेंबरातच पुण्यात आणल्या, कुडाळच्या दमट हवेत न वाळवता इथल्या हवेत वाळाव्यात म्हणून. माळ्यावर आडव्या ठेवल्यात, टोकांना मेण लावून, म्हणजे तिथून घाईने सुकणार नाहीत. दर रविवारी मुलगी प्रत्येकीचं वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते. गेल्या रविवारीही दोन काठ्या नऊ-नऊ ग्रॅमने उतरल्या. सलग तीन रविवार आकडा हलला नाही की मगच करवत काढणार.